गणपती गेल्यावरचा नेम

गणपती गेले की आमची शेड एकदम मोठी होते. परवापरवापर्यंत जिथं अंग चोरून चालावं लागत होतं, तिथं आता हाक मारली तर आवाज भिंतीला लागून परत येतो. फळ्या रिकाम्या, रंगाचे डबे कडेला सारलेले, जमिनीवर पांढऱ्या भुकटीत मिसळलेला सोनेरी चुरा. हमरापूरच्या आसपासच्या आमच्या गावांत वर्षभर कोणी ना कोणी मूर्तीला हात लावून बसलेलं असतंच, पण भाद्रपद सरल्यापासून दिवाळीपर्यंतचे हे थोडे दिवस हातांना सुट्टी असते. बाहेर भात लोंबायला लागलेलं असतं, ऊन चावतं, आणि दुपारनंतर कुठूनसे ढग येऊन उगाच धमकावून जातात. यंदाही झाडलोट झाल्यावर मी शेडच्या एका टोकाला जाऊन उभी राहिले, पाय नीट रोवले, डावं कोपर बरगडीला टेकवलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. नवऱ्यानं दारातून विचारलं, "काय गो, भिंत पडतेय का काय?" लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याला याची सवय नाही. "नाय, उभी हाय," मी म्हटलं आणि झाडू उचलला.

शाळेत असताना मी एअर रायफलच्या स्पर्धा खेळायचे असं सांगितलं तर लोक आधी माझ्या हातांकडे बघतात, मग पोटाकडे आणि मग हसतात. हसू देत. मी काही मोठी नेमबाज झाले नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी पदकांची वाट बघत बसायला नको. मला त्यातलं आठवतं ते वेगळंच. जाड कॅनव्हासच्या जॅकेटात घामाला येणारा वास, बंदुकीच्या तेलाचा वास, आणि छर्रा पुठ्ठ्यातून जाऊन मागच्या पत्र्यावर आपटल्याचा तो 'टक्' असा कोरडा आवाज. नववीतली ती एक शरद ऋतूची दुपार माझ्यात कुठंतरी अजून चालूच आहे असं मला वाटतं, आणि शेड रिकामी झाली की ती ऐकू यायला लागते.

हे सगळं सुरू झालं ते शामूकाकांमुळे. ते आमचे शेजारी, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. खरं नाव शमुवेल, पण गावानं ते आपल्या जिभेला बसेल असं करून घेतलं होतं. पूर्वी त्यांची बरीच घरं होती म्हणतात. माझ्या लहानपणी काकांचं एकच उरलं होतं. काकू वारलेल्या, मुलगा इस्रायलला. काका सैन्यात बंदुका दुरुस्त करायचे, नंतर रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत गेटवर सुरक्षा बघायचे, आणि निवृत्त झाल्यावर कोणा ओळखीच्या माणसाकडून त्यांनी एक जुनी, जड रायफल आणली. कशाला, तर म्हणे हात बसून राहिले की गंजतात. पेणच्या आमच्या शाळेत त्यांनी विचारलं, कोणाला शिकायचंय का. मुलांनी आठवडाभर गर्दी केली. बंदूक उडवायला मिळेपर्यंत नुसतं उभं राहायला शिकायचंय म्हटल्यावर सगळे पांगले आणि मी एकटी उरले. उभं राहण्याची मला लहानपणापासून सवय होती. मूर्तींचं घर म्हणजे दिवसभर उभ्यानंच काम.

जागा म्हणून बाबांनी शेड दिली. गणपती गेल्यापासून दिवाळीपर्यंत. त्यांची अट एकच होती. "नेम देवाच्या बाजूला नाय." न विकलेल्या मूर्ती शेडच्या एका अंगाला ठेवलेल्या असत, त्यांच्यावर आईच्या जुन्या साड्या पांघरलेल्या. म्हणून टार्गेटचा कागद समोरच्या भिंतीवर आणि देव माझ्या पाठीशी. वाऱ्यानं साडी सरकली की एखादा गणपती खांद्यावरून माझा नेम बघत असायचा. काकांच्या धर्मात मूर्ती नाही, हे मला माहीत होतं. पण रोज सराव सुरू करायच्या आधी ते सगळ्यांत पहिल्यांदा तिकडे जायचे आणि सरकलेल्या साड्या नीट ओढून घ्यायचे. बाबा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे हो काका, मी करतो." काका म्हणायचे, "धूळ बसतेय रे. एवढी तू मेहनत केलीस." आणि मग हात झटकून माझ्याकडे यायचे.

जॅकेट काकांनी कुठूनतरी मिळवलं होतं, माझ्या दुप्पट मापाच्या मुलाचं. आईनं ते दाभणानं आत घेतलं. टाके घालताना ती कुरकुरत होती की पोरीच्या जातीला हे गोणपाट कशाला, पण टाके असे घट्ट घातले की ते उसवायला आता मिस्तरी लागेल. ऑक्टोबरच्या उन्हात ते अंगात घालून उभं राहायचं म्हणजे भांड्यात शिजल्यासारखं. घाम पापणीवर आला की काका स्वतः टॉवेलनं माझं कपाळ पुसायचे, बंदूक मात्र कधी माझ्या हातातून घ्यायचे नाहीत. "जड लागतेय? मग ठेव. पण तूच ठेव."

त्यांनी मला नेम लावायला फारसं शिकवलं असं मला आठवत नाही. त्यांनी शिकवलं ते बंदूक खाली घ्यायला. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, टार्गेटचा काळा ठिपका बंदुकीवरच्या नेमाच्या भोकात बरोबर मधे येतो, आणि तिथं फार वेळ रेंगाळलं की डोळा आपल्या मनासारखं दाखवायला लागतो. नसलेलं दिसतं. "शंका आली का खाली घे," काका म्हणायचे. "खाली घेण्यात कमीपणा नाय. सुटलेला छर्रा माघारी बोलावता येत नाय." पहिला पंधरवडाभर मी उडवायचे कमी आणि खाली घ्यायचे जास्त. बाबा दारातून बघायचे आणि म्हणायचे, "काका, ही काय बंदूक हाय का व्यायामाचा सोटा?"

आता मी डोळ्यांची आखणी करते. श्रावणात ओळीनं मांडलेल्या मूर्ती, हातात बारीक कुंचला, आणि घरात कोणी मोठ्यानं शिंकायचं नाही असा दंडक. लोकांना वाटतं की बंदुकीचा मला इथं उपयोग झाला. असेलही. पण मला दोन्हींत सारखं एवढंच वाटतं, की त्या थांबलेल्या श्वासात आपण कोणाचे कोण, नववीत की दहावीत, उद्या काय होणार, हे काही उरत नाही. चौदाव्या वर्षी असा मोकळा क्षण हाताला लागणं ही चैनच होती, आणि मला ती रोज दुपारी मिळत होती.

शनिवारी मात्र नाही. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी अंधार पडेपर्यंत काका कसलंही काम करायचे नाहीत. चूल नाही, विजेचं बटण नाही, गाडीत बसणं नाही, कागदाला पेन लावणं नाही. शुक्रवारी रात्री जेवणं झाली की मी आपणहून त्यांच्याकडे जायचे आणि दिवा बंद करून यायचे. ते कधी सांगायचे नाहीत. सांगायचंही नसतं म्हणे. मी बटण दाबलं की अंधारातून आवाज यायचा, "जेवलीस काय गो?" मी म्हणायचे, "व्हय." त्यांच्या खिरीच्या सणाला नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर पहिली आमच्याकडे यायची, आणि आमचे गणपतीतले मोदक त्यांच्याकडे. यात कोणाला काही विशेष वाटत नव्हतं, आणि मला ते विशेष आहे हे कळलं ते फार पुढे, दुसऱ्या गावांतले लोक भेटल्यावर.

त्या वर्षी जिल्ह्याच्या संघाची निवड रोह्याच्या एका शाळेत होती. बाबांना हे खूळ आवडायला लागलं होतं, पण शेड म्हणजे आमचं पोट. दिवाळीनंतर कच्च्या मूर्तींनी ती पुन्हा भरणार आणि माझी दहा मीटरची वाट बंद होणार. मी एकदा रडून घेतलं तेव्हा जेवताना ते म्हणाले, "जिल्ह्यात निवड झाली ना, तर भिंतीकडची एक पट्टी तुझी. बारा महिने. तिथं मी एक मूर्ती ठेवणार नाय. नाय झाली तर मग हा नाद पुरे." बाबा शब्दाला पक्के होते, दोन्ही बाजूंनी. म्हणजे माझं सगळं त्या एका दिवसावर आलं, आणि तो दिवस निघाला शनिवार.

मी धरून चालले होते की काका येणार नाहीत. पण शुक्रवारी दुपारी जिते स्टेशनवर ते माझ्या आणि आईच्या आधी येऊन बसले होते, टोपी, इस्त्रीचा शर्ट, पायाशी रायफलची लांब पेटी. रोह्यात त्यांचे लांबचे एक नातेवाईक राहायचे, त्यांच्याकडे उतरणार, आणि शनिवारी शाळेपर्यंत चालत येणार. "पण तुम्ही काय करणार तिथं?" मी विचारलं. "बघणार. बघणं काय काम नाय," काका म्हणाले. गाडीत एका आजोबांनी पेटीकडे बघून विचारलं, कुठलं भजनी मंडळ. आई म्हणाली, "भजन नाय, बंदूक हाय." पेणपासून रोह्यापर्यंत आम्हांला ऐसपैस जागा मिळाली.

रोह्याच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये माझ्या शेजारच्या जागेवर सायली नावाची मुलगी होती. रोह्याचीच. तिचे वडील धाटावला कंपनीत, रात्रपाळी करून थेट तिथं आलेले आणि खुर्चीत बसल्या बसल्या पेंगणारे. तिचं जॅकेट तिच्या मापाचं होतं आणि रायफल तिची स्वतःची, असं मला कोणीतरी सांगितलं. तिनं माझ्या जॅकेटावरचे दाभणाचे टाके एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारलं, "पेण?" मी मान हलवली. त्यानंतर दिवसभर ती मला पेणवाली म्हणत होती. मला ती अजिबात आवडली नाही.

कशी खेळले ते मला सलग आठवत नाही. मधेच एकदा शंका आली म्हणून मी बंदूक खाली घेतली, पुन्हा उचलली, पुन्हा खाली घेतली, आणि मागे काका बसलेत हे मानेला कळत होतं तेवढं आठवतं. संध्याकाळकडे निकाल लागला. चार मुली निवडायच्या होत्या. चौथं नाव माझं होतं. पाचवं सायलीचं, अगदी थोडक्यात हुकलेलं. आईनं मला सगळ्यांसमोर जवळ ओढून घेतलं, बंदुकीसकट.

मग स्पर्धेच्या मुख्य पंचांनी, आम्ही त्यांना साहेब म्हणत होतो, यादी टेबलावर ठेवली. निवडलेल्या प्रत्येक मुलीच्या नावापुढे तिच्या प्रशिक्षकाची सही हवी होती. यादी घेऊन त्यांना अलिबागच्या गाडीनं जायचं होतं. तिघींच्या सरांनी सह्या केल्या. साहेबांनी पेन काकांपुढे धरलं.

काका म्हणाले, "साहेब, आज मी लिहीत नाय. अंधार पडू द्या, लगेच करतो."

"अहो, सही म्हणजे काय लिहिणं झालं का?"

"माझ्यात होतं, साहेब."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "तुम्ही आलाच नसता ना, तर मुलीच्या आईची सही चालवून घेतली असती. पण प्रशिक्षक समोर उभे असताना मी दुसऱ्याची कशी घेऊ? उद्या कोणी बोट दाखवलं तर?" मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "गाडीला निघेपर्यंत थांबतो. नाहीतर पाचवं नाव घालावं लागेल. तिचे सर इथंच आहेत."

आई दातांत पुटपुटली, "एक रेघ तर मारायची हाय." काकांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. आपण आलो तेच चुकलं असं त्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मला त्यांचा राग आला. खरंच आला, खूप. आणि त्याच वेळी त्यांनी पेन उचललं असतं तर मला रडू कोसळलं असतं, हेही तितकंच खरं आहे. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता, पेनापासून वीतभर लांब. मी म्हटलं, "काका, चला बाहेर. थांबू आपण."

आम्ही मैदानात आलो. दिवस बुडून गेला होता, पण आकाश काही काळं व्हायला तयार नव्हतं. धाटावच्या बाजूला कारखान्यांच्या दिव्यांचा तांबूस उजेड धुरकट होऊन वर चढला होता. काका म्हणाले, "तीन चांदण्या दिसल्या का माझा शनिवार संपला. पण माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. मला काय एक दिसायची नाय. तू बघ." मी मावळतीला बोट दाखवलं. "ती एक." ते म्हणाले, "ती शुक्राची. ती उजेडातच दिसते, ती नाय धरायची."

मी मान वर करून उभी राहिले. इतकं मन लावून मी सकाळी टार्गेटकडेही बघितलं नव्हतं. डोक्यावर एक सापडली. मग तिच्या अलीकडे, बऱ्याच वेळानं, दुसरी. तिसरीसाठी मी कोपरा न् कोपरा पिंजून काढला. एकदा वाटलं मिळाली, ती चिमणीच्या टोकावरच्या दिव्याची लुकलुक निघाली. साहेब खांद्याला पिशवी लावून पायरीवर आले, हातात यादी. त्यांच्या मागे सायली, तिचे सर आणि झोपेतून उठलेले तिचे वडील. आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला आणि अगदी हळू म्हणाली, "सांग तीन. त्यांना काय दिसतंय?"

"किती झाल्या गो?" काकांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. वर आकाशात, फार वेळ बघितल्यामुळे, मला जिथं तिथं ठिपके दिसायला लागले होते. हवे तितके. मी डोळे मिटले, उघडले.

"दोनच," मी म्हटलं.

आईनं तोंड फिरवलं. काकांनी मान हलवली. साहेबांनी सायलीच्या सरांकडे पाहिलं आणि खिशातलं पेन काढलं.

सायली पायरी उतरून मैदानात आली. मला वाटलं, ती काहीतरी लागेलसं बोलणार. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली, तिनं दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि ते उजवीकडे वळवलं, थोडं वर केलं. "ए पेणवाली, इकडे बघ. पाण्याच्या टाकीच्या वर. जरा डावीकडे."

मला काही दिसेना. "कुठं?"

"अगं श्वास सोड आधी. आता बघ."

आणि मग ती दिसली. इतकी बारीक, की पापणी हलली की हरवत होती. सायलीचे सर पायरीवरून मोठ्यानं म्हणाले, "सायली!" तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोणी बघितली?" काकांनी विचारलं.

"मी," सायली म्हणाली. "तीन झाल्या, काका. नक्की."

काका तिच्या बाजूला वळले आणि अंधारात तिचा चेहरा शोधत राहिले. "नाव काय तुझं, पोरी?" तिनं नाव सांगितलं. "सायली," ते एकदा स्वतःशी म्हणाले आणि मग साहेबांपुढे हात केला. साहेबांनी पेन दिलं, यादी पायरीच्या कठड्यावर ठेवली. पण बाहेर एवढा अंधार झाला होता की काकांना नाव सापडेना. बोट कागदावर वर-खाली फिरत राहिलं. सायलीनं वडिलांच्या खिशातला मोबाईल काढून घेतला, त्याचा दिवा लावला आणि माझ्या नावावर धरला. काकांची सही पुरती होईपर्यंत तिनं तो उजेड जरासुद्धा हलू दिला नाही.